एकदाही न मोजलेली मुले

(येरवडा येथे प्राथमिक शाळेच्या पालक-शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सुट्टीच्या दिवशी वस्तीतल्या तिसरी-चौथीच्या मुलांना गणित शिकवतो. आज जनगणनेविषयी बोलायचे आहे.

देशाची शेवटची जनगणना 2011 साली झाली. 2021 ची कोविडमुळे लांबली. पुढची 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख धरून होत आहे. म्हणजे आपल्या शाळेतले एकही मूल आजवर कोणत्याच जनगणनेत मोजले गेलेले नाही. त्यांचा जन्मच 2011 नंतरचा आहे.

याचा परिणाम थेट ताटात दिसतो. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात किती लोकांना स्वस्त धान्य द्यायचे, ते जनगणनेच्या आकड्यांवरून ठरते. देशाची 81.35 कोटींची मर्यादा 2011 च्या लोकसंख्येवरच बांधलेली आहे. वस्ती कितीही वाढली तरी ती मर्यादा तिथेच राहते. अंगणवाडीचा निकषही लोकसंख्येचाच: साधारण 400 ते 800 लोकांमागे एक.

पण हे आठ वर्षांच्या मुलाला कसे सांगायचे? फळ्यावर ‘जनगणनेचे महत्त्व’ लिहून काही होत नाही. आम्ही एक खेळ केला. चार मुले पाणी प्यायला बाहेर गेली असताना वर्ग मोजला आणि तेवढ्याच चिक्क्या वाटायला दिल्या. ती चौघे परत आली, चिक्की संपलेली! वर्गात एकच गोंधळ झाला. मग मी विचारले, चूक कुणाची? एक मुलगी म्हणाली, “सर, गिननेवाले की.” धडा तिथेच झाला. चिक्क्या अर्थातच नंतर सगळ्यांना मिळाल्या.

मग विचारले, काल रात्री तुमच्या घरात किती माणसे होती? एकाने अब्बांना मोजलेच नाही, कारण ते रात्रपाळीला होते. एकीने सहा महिन्यांच्या बहिणीला सोडले, “वो तो छोटी है.” एकाने सोलापूरला राहणाऱ्या नानीलाही धरले. त्यातून मुलांनीच तीन नियम काढले: कुणी सुटायचे नाही, कुणाला दोनदा मोजायचे नाही, आणि वेळ सगळ्यांसाठी एकच. आमच्या कामातही हेच असते. माहिती चुकीची भरली तर कॉम्प्युटर तक्रार करत नाही, मुकाट्याने चुकीचे उत्तर देतो. 2011 च्या जनगणनेनंतर केलेल्या पडताळणीत हजारी सुमारे 23 माणसे सुटल्याचा अंदाज निघाला होता.

मोजणीतून दुखणेही कळते. 2001 च्या जनगणनेत देशाची साक्षरता 64.8 टक्के होती आणि मुस्लिमांची 59.1. सच्चर समितीने 2006 च्या अहवालात जनगणनेच्या अशा आकड्यांचा आधार घेतला. आकडा नसता तर ती नुसती तक्रार राहिली असती.

याच येरवड्याच्या तुरुंगात 24 सप्टेंबर 1932 रोजी पुणे करार झाला. त्यात राखीव जागांचा प्रश्न होता. आज लोकसभा-विधानसभेत अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात, आणि ते प्रमाण जनगणनेतूनच येते.

आता भीतीबद्दल. दारात कुणी वही किंवा मोबाईल घेऊन आले की आपल्या गल्लीत दारे बंद होतात. गेल्या काही वर्षांत जे कानावर आले, त्यामुळे या भीतीला मी हसणार नाही. पण कायदा माहीत असू द्या. जनगणनेत कागदपत्रे दाखवावी लागत नाहीत, तोंडी उत्तर चालते. 1948 च्या जनगणना कायद्याच्या कलम 15 नुसार तुमची वैयक्तिक माहिती गोपनीय असते आणि ती कोर्टात तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. रिवाज आड येत असेल तर पतीचे नाव सांगण्याची सक्ती बाईवर नाही, हेही त्याच कायद्यात आहे. येणाऱ्याचे ओळखपत्र जरूर बघा. बँकेचा तपशील विचारला तर देऊ नका, तो जनगणनेचा प्रश्न नाही.

शिक्षकांना वेगळे काय सांगू? घरोघर मोजणीला बहुतेक वेळा तुम्हालाच पाठवतात. त्याआधी हा तास वर्गात घ्या. मुले घरी जाऊन अम्मीला सांगतील की तान्ह्या बाळालाही धरायचे, रात्रपाळीच्या अब्बांनाही धरायचे. मातृभाषेच्या प्रश्नाला लहानपणी आई आपल्याशी जी भाषा बोलायची तीच सांगायची.

पालकांनो, हा आकडा पुन्हा दहा वर्षे चालवावा लागेल. आज तिसरीत असलेले मूल तोवर कॉलेजात असेल. त्याला या वेळी सुटू देऊ नका.