कॅरॅव्हॅन आपल्या वाटेवर वळेल का?

राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण 2021 मध्ये आलं. शेतात अशा गाड्यांना जागा द्यावी, जेवण आपण करावं, असा विचार आम्हीही करतोय. पण फरशीवर पैसे घालण्याआधी गाडी समजून घेऊ या.

अमेरिकेत या घरगाड्यांचे तीन वर्ग. ए म्हणजे बस किंवा ट्रकच्या चासीवर बांधलेलं अख्खं घर. बी म्हणजे व्हॅनच, आतून सजवलेली. सी मध्ये पुढे व्हॅनचं तोंड, मागे खोली. आकाराने सी मधली, पण नंबर शेवटचा!

वर्ग कोणताही असो, पाहुण्याला बंपरपासून बंपरपर्यंतची लांबी विचारायची, मागची शिडी, सायकलचा स्टँड धरून. 20 फूट म्हणजे साधारण 6 मीटर. व्हीलबेस वेगळा, तो पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत. मागच्या चाकामागे जेवढी गाडी जास्त, तेवढं तिचं शेपूट वळताना बाहेर जातं. कुंपणाचा खांब तिथेच मोडतो. म्हणून आम्ही जागेपेक्षा वळण आधी दोरीने मोजणार आहोत. उंचीही विचारा, वाटेवर विजेची तार खाली लोंबत असेल तर.