पुस्तक मिटल्यावरची उजळणी
(विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण)



सत्कारमूर्तींचे अभिनंदन. मात्र मला बोलावयाचे आहे ते मागील रांगांशी. मीही एकदा तेथेच होतो. बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षी मी अकाउंटन्सीत अनुत्तीर्ण झालो. कापडाच्या पेढीवर वाढलेला मुलगा, आणि ताळेबंदाच्या दोन बाजू जुळेनात! अभ्यास कमी नव्हता. सोडविलेली उदाहरणे चार-चार वेळा वाचली होती. वाचताना सारे समजत होते, आणि तीच फसगत होती. डोळ्यांच्या ओळखीचे झालेले हाताला येतेच असे नाही.

पुढील वर्षी उत्तराचे पान झाकून, जुन्या बिलांच्या कोऱ्या बाजूवर तीच उदाहरणे सोडविली. तेव्हा चूक सापडली : देणे राहिलेला खर्च मी नफा-तोटा पत्रकात धरीत असे आणि ताळेबंदात दाखविण्यास विसरत असे. केवळ वाचून ती कधीच दिसली नसती.

रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हेच प्रयोगाने दाखविले. उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतर पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न पाहता आठवून लिहिणारे पुढे गेले.

आपल्याला हे नवे वाटू नये. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. पाचांत वाचन एकच! विचारणे, चिंतन, शुद्ध पुनरुच्चारण आणि दुसऱ्यास सांगणे, ही चारही पुस्तक मिटूनही करता येतात.

म्हणून आजचा धडा उद्या, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने न पाहता लिहावा. अडेल तेवढेच पुस्तकात पाहावे. पाठशाळेत घडाघडा सूत्रे म्हणणाऱ्या मुलास मधलेच एखादे विचारले की तो अडखळतो, कारण त्याला क्रमाचा आधार असतो. परीक्षेत तो आधार नसतो. प्रश्न उलटसुलट घ्यावेत.

पालकांनी 'किती तास वाचलेस?' असे न विचारता 'आज काय आठवले नाही?' असे विचारावे, आणि उत्तर ऐकून रागावू नये. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या घरांत संध्याकाळ मोकळी मिळते; ती बहुधा मोबाईल घेऊन जातो, हे आपण जाणताच.

पाठशाळेच्या खोलीत मुले जोडीजोडीने बसून एकमेकांस प्रश्न विचारणार असतील, तर कोऱ्या पाठीची जुनी बिले मी हवी तितकी पुरवीन.

जय जिनेंद्र!