बटवा हातात असू द्या

बॅग कशी भरावी हे सांगायला कवीला बोलावणं हा तसा धाडसाचाच प्रकार. माझी बॅग मी स्वतः भरली असं आमच्या घरात आजवर दोनदाच घडलंय, आणि दोन्ही वेळा टॉवेल घरी राहिला. पण २०२३च्या डिसेंबरात मी, माझी बायको आणि माझी अठ्ठ्याहत्तर वर्षांची अम्मी असे तिघं मुंबई-गोवा-मुंबई अशी तीन रात्रींची जहाजाची सहल करून आलो. त्यात मी काही चुका केल्या. त्यातल्या बऱ्याच अम्मीनं सावरल्या. त्या आज सांगतो.

आधी ही सहल का केली ते सांगायला हवं. आमचं गाव जयगडच्या खाडीकाठी. आमच्या वस्तीत जवळजवळ घरटी एक माणूस जहाजावर असायचा. माझे अब्बा मालवाहू जहाजावर भंडारी होते. भंडारी म्हणजे जहाजावरचा आचारी. वर्षातले नऊ-दहा महिने ते पाण्यावर आणि उरलेले दोन आमच्यात. अम्मीनं तीस वर्षं त्यांची पेटी भरली. मुंबईला बॅलार्ड इस्टेटमधल्या शिपिंग ऑफिसात त्यांची हजेरी लागेपर्यंत ते डोंगरीत गावकीच्या खोलीवर राहायचे, तिथपर्यंत ती दोनदा गेली होती. त्यापुढे नाही. ज्या जहाजांवर नवऱ्याचं आयुष्य गेलं, त्यातलं एकही तिनं आतून पाहिलं नव्हतं. अब्बा २०१२ साली गेले. पुढे एकदा वर्तमानपत्रातली जहाजाच्या सहलीची जाहिरात बघत ती म्हणाली, "बाबू, याच्या आत माणूस झोपतो कसा, ते एकदा बघायचंय मला."

आता अशी सहल ठरवताना पहिला प्रश्न तारखेचा. आपण तिकीट स्वस्त कधी आहे ते बघतो, दर्या शांत कधी आहे ते बघत नाही. जुन्या कोकण बोटी पावसाळ्यात बंद असत आणि नारळी पौर्णिमा उलटल्यावर दर्या निवळला की पुन्हा सुरू होत. त्या लोकांना दर्या कळत होता. अरबी समुद्रात नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हे दिवस सगळ्यात सुखाचे. मे महिना मुलांच्या सुट्टीमुळे सोयीचा वाटतो, पण २०२१चं तौक्ते वादळ मे महिन्यातच आलं होतं, हे विसरू नका. घरात म्हातारं माणूस असेल, तर मुलांची शाळा दोन दिवस बुडवा आणि हिवाळ्यातच जा.

दुसरा प्रश्न, जायचं कुठे. २०२१च्या सप्टेंबरात मुंबईहून मोठ्या जहाजाच्या छोट्या सहली सुरू झाल्या, त्यात गोवा आणि लक्षद्वीप या दोन्ही वाटा होत्या. माझ्या मनात लक्षद्वीप होतं. कवी माणूस, निळं पाणी म्हटलं की संपलं. पण मी चौकशी केली. लक्षद्वीपला मोठी जहाजं बेटाला लागत नाहीत. ती बाहेर खोल पाण्यात थांबतात आणि माणसांना छोट्या होडीत उतरवून किनाऱ्यावर नेतात. म्हणजे आपला जुना पडावच! बोट रत्नागिरीसमोर उभी, खाली पडाव लाटांवर वरखाली होतोय, आणि खलाशी बायका-पोरांना बखोटीला धरून त्यात उतरवतायत, हे दृश्य मी लहानपणी पाहिलंय. ते गुडघेदुखीच्या माणसाचं काम नाही. गोव्याला मुरगाव बंदरात जहाज सरळ धक्क्याला लागतं, शिडीवरून चालत उतरता येतं. म्हणून गोवा ठरलं. तुम्हीही तिकीट काढण्याआधी हा एकच प्रश्न विचारा, जहाज धक्क्याला लागणार की होडीतून उतरायचं?

खोली निवडताना माझा कल खिडकीकडे होता, बायकोचा पैशांकडे. शेवटी दोघांनाही बाजूला ठेवून आम्ही जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरची खोली घेतली. झोपाळ्याच्या टोकाला झोका मोठा बसतो आणि मधे कमी, तसंच जहाजाचं. टोकांना आणि वरच्या मजल्यांवर डुलणं जास्त जाणवतं. खोली लिफ्टजवळ आहे ना, आणि नाचगाण्याच्या सभागृहाच्या खाली तर नाही ना, एवढं नकाशात बघून घ्या. बिनखिडकीची खोली स्वस्त पडते, पण तिच्यात भर दुपारी अमावास्या असते. एक छोटी टॉर्च उशाशी हवी. आणि जाहिरातीतला दर बहुधा एका खोलीत दोघं धरून, माणशी असतो. कर, बंदराचे पैसे, सेवाशुल्क त्यात धरलंय का, हे विचारल्याशिवाय खूश होऊ नका.

कागदपत्रांचं एक सांगतो. अम्मीच्या आधार कार्डावर नावापुढे 'बी' आहे. तिकीट काढताना मी ते लिहिलंच नाही. आयुष्यभर मी तिला त्या नावानं ओळखतच नव्हतो ना! आठवडाभर आधी बायकोच्या लक्षात आलं म्हणून फोन करून दुरुस्त करता आलं. ओळखपत्रावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव अक्षरशः एक हवं, आणि ओळखपत्र मूळ हवं, झेरॉक्स नको. घरात कुणाला दिवस गेले असतील तर आधी नियम विचारा, बहुतेक कंपन्या चोवीस आठवड्यांपुढे गरोदर बाईला घेत नाहीत. बाहेरगावच्या लोकांनी मुंबईत आदल्या दिवशीच यावं. घाटात दरड कोसळली, गाडी चार तास रखडली, म्हणून जहाज थांबत नाही. ते सुटायच्या बरंच आधी दारं बंद होतात.

आता बॅग. माझी मुख्य चूक इथे झाली. बंदरावर तुमची मोठी बॅग तुमच्याकडून घेतात, तपासतात आणि ती परस्पर खोलीच्या दाराशी येते. कधी येते? हजार-दीड हजार माणसांच्या बॅगा असतात, तेव्हा तीन-चार तास सहज जातात. आम्ही दुपारी एकला बॅग दिली. संध्याकाळी सात वाजले तरी ती आली नव्हती. आणि अम्मीच्या साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या त्या बॅगेत होत्या. मीच ठेवल्या होत्या, डब्यात नीट, खालच्या थरात, कपड्यांत गुंडाळून. फुटू नयेत म्हणून! जेवणाची वेळ झाली, गोळीची वेळ झाली, मी कॉरिडॉरमध्ये येरझारा घालतोय, बायको माझ्याकडे बघतेय. जहाजावर डॉक्टर असतो, त्याच्याकडे जाऊ म्हणालो, तर गोळ्यांची नावंही मला आठवेनात. चिठ्ठीसुद्धा त्याच बॅगेत.

अम्मी पलंगावर बसून हे सगळं बघत होती. मग तिनं कमरेचा बटवा काढला. त्यात सुपारी, लवंगा, आल्याच्या वड्या, आणि कागदाच्या पुडीत दोन दिवसांच्या गोळ्या. म्हणाली, "तुझे अब्बा सांगायचे, दर्यावर आज रात्री जे लागतं ते अंगावर ठेवायचं. पेटी पेटीच्या वेळेनं येते." अब्बांचं सीडीसी, म्हणजे जहाजी माणसाचं ओळखीचं पुस्तक, सदऱ्याच्या आतल्या खिशात असायचं, हे मला आठवत होतं. त्यामागे हा नियम होता, हे मात्र त्या दिवशी कळलं.

तेव्हा श्रोतेहो, एक लहान पिशवी हातात ठेवा. सगळ्या सहलीच्या गोळ्या तिच्यात, डॉक्टरांची चिठ्ठी तिच्यात, वर एक-दोन दिवसांच्या जादा. चष्मा, ओळखपत्रं, छापील तिकीट, चार्जर, दात घासायचं सामान, कपड्यांचा एक जोड. मुलं असतील तर पोहण्याचे कपडेही याच पिशवीत, कारण पाण्याचा हौद दिसल्यावर बॅग येईपर्यंत थांबणारी मुलं मी तरी पाहिलेली नाहीत. अम्मीच्या पिशवीत जानमाज आणि शाल होती. शालीला मी हसलो होतो. जहाजात वातानुकूलन भलतंच थंड असतं आणि रात्री डेकवर वारा असा की टोपी उडते. दुसऱ्या रात्री ती शाल माझ्या अंगावर होती.

मोठ्या बॅगेत मात्र जितकं कमी तितकं बरं. तीन रात्रींना चार जोड पुरतात, त्यातला एक जरा बरा, रात्रीच्या जेवणाला. न घसरणाऱ्या तळव्याच्या सपाट चपला हव्यातच. डेक ओला असतो. खोलीच्या भिंती बहुधा पत्र्याच्या असतात, तेव्हा लोहचुंबकाचे दोन-चार हूक नेले तर ओले टॉवेल टांगता येतात. इस्त्री, पाण्याची किटली, मेणबत्ती, उदबत्ती यांतलं काही नेऊ नका, काढून घेतात, आणि बरोबरच करतात. जहाजावर पाण्यापेक्षा आगीची भीती मोठी. घरचे पदार्थही साधारणपणे आत नेऊ देत नाहीत. अम्मीनं पहाटे उठून तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या, त्या आम्ही बॅलार्ड पियरच्या फाटकाबाहेर उभ्या उभ्या संपवल्या. सहलीतलं सगळ्यात चांगलं जेवण तेच, असं माझं खासगी मत आहे.

बोट लागणं हा सगळ्यांच्या काळजीचा विषय. डॉक्टरांना विचारून ओकारीची गोळी आधीच घ्यावी, डुलायला लागल्यावर घेऊन उपयोग कमी. त्या गोळीनं झोप येते, आणि म्हाताऱ्या माणसांच्या बाकीच्या गोळ्यांशी तिचं जमतं का, हेही विचारावं. उपाशी राहू नये, तडस लागेपर्यंत जेवूही नये. मळमळलं की खोलीत मोबाईल बघत पडू नका, उघड्यावर या आणि दूर आभाळ टेकतं त्या रेषेकडे बघा. बायकोला पहिल्या रात्री त्रास झाला. बटव्यातली आल्याची वडी आणि मोकळी हवा यांवर तिचं भागलं.

जहाज सुटण्याआधी सगळ्यांना बोलावून संकटात कुठे जमायचं, जीवरक्षक जाकीट कसं घालायचं, हे दाखवतात. आमच्या शेजारचं एक कुटुंब म्हणालं, काय करायचंय, फोटो काढू. अम्मी मात्र सगळ्यांच्या आधी जाऊन उभी. तिच्या लहानपणी 'रामदास' बोटीचं नाव घरात हळू आवाजात घेत. १७ जुलै १९४७ला, ऐन पावसाळ्यात, मुंबईहून रेवसकडे निघालेली ती बोट बंदराबाहेर बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. जानेवारी २०१२मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडलं, तेव्हा नव्यानं चढलेल्या काही प्रवाशांची ही कवायत व्हायची होती. त्यानंतर ती सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेण्याचा नियम जगभर झाला. अर्धा तास जातो. जाऊ द्या.

किनारा दूर गेला की मोबाईलची रेंज जाते. फोन 'फ्लाइट मोड'वर टाका, नाहीतर तो जहाजाच्या उपग्रहाचं जाळं पकडतो आणि महिनाअखेरीचं बिल बघून तुम्हाला बोट लागते. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागणार नाही, घाबरू नका. जहाजावरचा खर्च खोलीच्या कार्डावर चढत जातो. रोज संध्याकाळी हिशेब विचारा, शेवटच्या सकाळी त्या खिडकीपुढे मोठी रांग असते.

गोव्याच्या दिवसाबद्दल थोडक्यात सांगतो. मुरगावहून पणजी तीसेक किलोमीटर. पणजी आणि जुनं गोवं बघून परत या, उत्तरेच्या किनाऱ्यांचा मोह धरू नका. परतायची जी वेळ दिली असेल तिच्या तासभर आधी धक्क्यावर या.

परतीच्या रात्री अम्मी जेवणघरात बसून होती. भात चिवडून म्हणाली, "मीठ बरोबर आहे. हलत्या चुलीवर एवढ्या माणसांचा भात मोकळा करणं सोपं नाही." वाढणाऱ्या मुलाला तिनं गाव विचारलं, तो गुहागरकडचा निघाला. भटारखाना बघता येईल का, असं तिनं त्याला विचारलं. प्रवाशांना आत सोडत नाहीत, म्हणाला. पण थोड्या वेळानं तो आतून एका आचाऱ्याला घेऊन आला. पन्नाशीचा माणूस, हाताला भाजल्याच्या खुणा. अम्मीनं त्याचा हात हातात घेऊन त्या खुणा बघितल्या. "यांच्याही इथेच होत्या," एवढंच म्हणाली. मग त्याला घरी मुलं किती, रजा किती मिळते, पेटी कोण भरतं, असं काहीबाही विचारत बसली.

मग डेकवर गेलो. दूर पूर्वेला एक दिवा मिचकावत होता. "जयगडचा का रे?" तिनं विचारलं. मला ठाऊक नव्हतं. मी हो म्हणालो.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा झोपण्याआधी दाराबाहेर ठेवायच्या असतात, सकाळी त्या धक्क्यावर मिळतात. उद्या सकाळी अंगावर घालायचे कपडे आणि चपला आधी बाजूला काढा. त्या सकाळी एक गृहस्थ पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यात आणि खोलीतल्या कागदी सपातांत बॅलार्ड पियरवर उतरले. मी त्यांना हसलो नाही. माझा टॉवेल आत राहिला होता.

घरी आल्यावर अम्मीनं बॅग उपसली, कपडे धुवायला टाकले, बटवा पुन्हा भरला आणि मला विचारलं, "ते लक्षद्वीपचं काय म्हणत होतास?" मी म्हटलं, तिथे पडावात उतरावं लागतं. "मग?" म्हणाली, "गुडघ्याचं मी बघते. तू गोळ्या वरच्या पिशवीत ठेव."