पालखी येण्यापूर्वी

(परभणी येथील कुटुंब मेळाव्यात एका ज्येष्ठ डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आपल्या प्रत्येकाच्या घरी नातवंडांच्या लसीकरणाचे कार्ड जपून ठेवलेले असते. आजोबांचे असे कार्ड किती घरांत आहे? माझ्या स्वतःच्या घरात नव्हते. माझे काका 74 वर्षांचे, मधुमेही. भर पावसाळ्यात नातवाने शाळेतून सर्दी-ताप आणला. नातू तीन दिवसांत खेळू लागला. काकांना पाचव्या दिवशी धाप लागली. नांदेडला हलविले, परंतु ते परतले नाहीत. मी डॉक्टर आहे. शेकडो मुलांना लस टोचली आणि घरातील वृद्धाला विसरलो, ही खंत मी आज आपणांसमोर मोकळेपणाने मांडतो.

इन्फ्लुएंझा म्हणजे साधे पडसे नव्हे. 1918 मध्ये मुंबई बंदरात शिरलेली ही साथ रेल्वेमार्गाने देशभर पसरली आणि एक कोटीहून अधिक भारतीयांचा बळी घेऊन गेली. 1921 च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या घटलेली आढळली, ती मुख्यत्वे या साथीमुळे. तेव्हा या रोगावर लस नव्हती. 2009 च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी घेतला, शाळा बंद झाल्या, तपासणीसाठी रांगा लागल्या. पुढच्याच वर्षी पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारण्याची लस तयार केली. तो विषाणू गेलेला नाही. आता दरवर्षीच्या हंगामी तापात तो वावरत असतो.

विषाणू आपले रूप बदलतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीतील घटक ठरविते. गतवर्षीची लस यंदा पुरत नाही, ती याच कारणाने. टोचल्यानंतर संरक्षण निर्माण होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. आपल्याकडे साथीचा मोठा जोर पावसाळ्यात असतो. म्हणून लस मे महिन्यात किंवा जूनच्या आरंभी घ्यावी. शेगावहून गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड, परळी या मार्गाने पंढरपूरकडे जाते. आपल्यातील अनेक ज्येष्ठ मंडळी तिच्या दर्शनास गर्दीत उभी राहतात, काही वारीलाही निघतात. तेव्हा पालखी येण्यापूर्वी तीन आठवडे, एवढे गणित लक्षात ठेवले तरी पुरे.

लस घेतल्यावर ताप येणारच नाही, असे मी म्हणणार नाही. मात्र आजार गंभीर होण्याचा धोका ती निश्चित कमी करते. दंड दुखेल, एखादा दिवस अंग कसकसेल. काढ्याला माझा विरोध नाही. घशाला त्याने आराम पडतो. पण काढा म्हणजे लस नव्हे, आणि धाप लागलेल्या माणसाला काढा देत बसणे हा अपराध आहे.

एका माळकरी आजींनी मला विचारले, "डॉक्टरसाहेब, ही लस अंड्यातली असते म्हणतात, खरं का?" खरे आहे, आणि ते लपवू नये. बहुतेक लसींसाठी विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवितात, नंतर तो निष्क्रिय व शुद्ध करतात. औषध म्हणून मांसरस चरकसंहितेनेही सांगितला आहे, एवढे मी त्यांना म्हणालो. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि मग स्वतःच सुनेसह दवाखान्यात आल्या.

गरोदर माता, मधुमेही व उच्च रक्तदाबाचे रुग्ण यांना ही लस मोफत देण्याचा निर्णय राज्य शासनाने 2015 मध्ये घेतला होता. जिल्हा रुग्णालयात अथवा आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात तिची चौकशी करावी. तेथे नसल्यास ती विकत मिळते. न्यूमोनियाची लस वेगळी, तिच्याविषयीही त्याच वेळी विचारावे.

कार्यकर्त्यांना एक काम सांगतो. आपापल्या गल्लीतील साठी ओलांडलेल्यांची नावे या रविवारी लिहून काढा. नावापुढे मधुमेह, दमा, हृदयविकार आहे का, पूर्वी एखाद्या लसीने त्रास झाला होता का, हे नोंदवा. आणि शेवटच्या रकान्यात, त्यांना दवाखान्यात कोण घेऊन जाणार, त्याचे नाव लिहा.