लुगर अडकतं कुठे? शंभरीतल्या पिस्तुलाचं निदान

आज बोलायचंय जामबद्दल. ब्रेडवरचा नाही, एक्स्प्रेसवेवरचाही नाही. शंभर वर्षांच्या पिस्तुलात होणारा जाम.

दुसऱ्या महायुद्धावरच्या सिनेमात जर्मन अधिकाऱ्याच्या हातात तिरप्या मुठीचं, बारीक नळीचं पिस्तूल तुम्ही पाहिलं असेल. ते लुगर. गेओर्ग लुगर यांची ही रचना. 1900 मध्ये ती स्विस सैन्याने घेतली, 1904 मध्ये जर्मन नौदलाने आणि 1908 मध्ये जर्मन लष्कराने. म्हणून त्या मॉडेलचं नाव पी-08. अमेरिकेत आजही हौशी संग्राहक ही पिस्तुलं रेंजवर नेतात, आणि त्यांची नेहमीची तक्रार एकच: काडतूस नीट चढत नाही.

मग कुणीतरी कानस काढतो आणि आतला उतार घासायला बसतो. आज मला एवढंच सांगायचंय, की कानस सगळ्यात शेवटी. खरं तर कधीच नाही. दोष बहुतेक वेळा पिस्तुलात नसतो, त्याला काय खायला दिलंय आणि कशातून दिलंय, तिथे असतो.

आधी ते चालतं कसं, ते बघू. लुगरच्या वर गुडघ्यासारखा एक सांधा आहे. गोळी सुटली की नळी आणि सांधा मिळून थोडे मागे सरकतात. मग सांधा वरच्या बाजूला दुमडतो आणि रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते. मुठीतली स्प्रिंग सांधा पुन्हा सरळ करते, आणि जाता जाता तो मॅगझिनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये ढकलतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. तेवढ्यात मॅगझिनच्या स्प्रिंगने काडतूस वर आणून ठेवलेलं हवं. उशीर झाला की जाम.

आता लक्षणं. रिकामी पुंगळी बाहेर न पडता मधेच चिमटली? म्हणजे सांधा पूर्ण मागे गेलाच नाही. काडतूस कमी जोराचं असेल, नाहीतर जुनं ग्रीस सुकून चिकट झालं असेल. पुंगळी उडाली, पण चेंबर रिकामं राहिलं? मॅगझिनच्या स्प्रिंगवर संशय घ्या. काडतूस निघालं, पण त्याचं नाक उतारावर टेकून बसलं? मॅगझिनचे ओठ वाकलेत का, मॅगझिन पूर्ण वर बसतंय का आणि काडतूस आखूड आहे का, ते बघा.

एक सोपी चाचणी आहे. चांगल्या मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरून झाडायचं. बहुतेक पी-08 मध्ये मॅगझिन संपलं की सांधा वर उघडाच राहतो. तसा राहिला, तर तो पूर्ण मागे जातोय. मग तुमचं नेहमीचं मॅगझिन तपासा. मिटला, तर काडतूस बदलून बघा.

काडतुसाचंही गणित आहे. 9 मिमी पॅराबेलमची ठरलेली कमाल लांबी 29.69 मिमी. आजची काही काडतुसं त्याहून बरीच आखूड आणि चपट्या नाकाची असतात. लुगरला साधारण 8 ग्रॅमची, गोल नाकाची, पूर्ण लांबीची गोळी मानवते. पण "जोर कमी पडतोय ना, मग जास्त दाबाचं काडतूस घालू" हा विचार घातक आहे. शंभर वर्षांचं पोलाद आहे ते, तुटू शकतं.

म्हणून क्रम लक्षात ठेवा: साफसफाई आणि तेल, मग मॅगझिन, मग काडतूस, आणि शेवटी जाणकार गनस्मिथकडून मुख्य स्प्रिंग. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला तेच कळणार नाही. लुगरच्या बारीकसारीक भागांवरही नंबराचे शेवटचे दोन आकडे कोरलेले असतात. घासलेला मूळ भाग परत मिळत नाही. मॅगझिन मात्र नवीन मिळतं. जुनं कपाटात जपून ठेवा.

आणि या सगळ्याच्या आधी चेंबर रिकामं आहे ना, ते डोळ्यांनी बघा. मॅगझिन काढलं म्हणजे झालं, असं नाही. लुगरचा वरचा भाग सुटा करून हातात घेतला आणि चेंबरमध्ये काडतूस राहिलेलं असलं, तर बाजूची पट्टी दाबली जाऊन गोळी सुटू शकते. हो, सुट्या भागातून!

आता आपल्याकडचं. भारतात 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येत नाही, आणि दुरुस्ती करणाऱ्यालाही परवाना लागतो. "जुनं आहे, अँटिक आहे" ही पळवाट चालत नाही. सूट आहे ती दुरुस्त करूनही चालू न शकणाऱ्या जुन्या शस्त्राला. तेव्हा पणजोबांच्या ट्रंकेत असं काही सापडलं, तर ते उघडून बघू नका, रील तर बनवूच नका. हात न लावता पोलीस ठाण्यात कळवा.

बाकी, यंत्र कुठलंही असो, आधी निदान, मग औषध. भेटू पुढच्या भागात!