मुक्काम कोठे करावा? चिलिका आणि समुद्रकाठच्या सहलीविषयी काही विचार

(मंडळाच्या सभेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी वर्षातील सहल चिलिका सरोवर आणि समुद्रकिनारा या भागात न्यावयाची, असे कार्यकारिणीने ठरविले आहे. मुक्कामाच्या जागेविषयी चार शब्द सांगण्याचे काम तिने आमच्याकडे सोपविले. विषय वरवर पाहता लहान आहे. परंतु मुक्कामाची जागा एकदा निश्चित झाली, की सहलीला कोण येणार आणि कोण घरी राहणार हेही आपोआप निश्चित होते. ज्यांनी पन्नास वर्षांपूर्वी हे मंडळ उभे केले, ते आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. राहण्याची जागा त्यांना न सोसणारी निवडली, तर "तुम्ही जाऊन या, आम्ही आहोत घरी" एवढेच म्हणून ते बाजूला होतील. सुवर्णमहोत्सवाच्या सहलीत संस्थापकच नसावेत, यासारखी दुसरी विसंगती नाही.

म्हणून जागा निवडताना पहिला प्रश्न "कोठे?" हा नसून "कोणासाठी?" हा असावा, असे आमचे मत आहे. जो सर्वांत अशक्त, त्याच्या सोयीने मुक्काम ठरवावा. जो सर्वांत धट्टाकट्टा, त्याच्या उत्साहासाठी दिवसाचे कार्यक्रम आखावेत. रात्र सर्वांची एकत्र असावी, दिवस ज्याचा त्याने निवडावा.

दुसरा प्रश्न ऋतूचा. कोकणातल्या माणसाला समुद्र म्हटला की सूर्यास्त आठवतो. या किनाऱ्यावर सूर्य समुद्रातून वर येतो. फरक एवढाच नाही. बंगालच्या उपसागरातील वादळे पावसाळ्याच्या आधी आणि नंतर अधिक प्रबळ होतात. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी फायलिन गोपाळपूरजवळ किनाऱ्यावर आले आणि ३ मे २०१९ रोजी फनी पुरीजवळ. दोन्ही तारखा सुट्ट्यांच्या मोसमातील आहेत, हे ध्यानात घ्यावे. दसरा-दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी मिळते म्हणून त्या वेळी किनाऱ्यावर तंबूत राहावयास जाणे शहाणपणाचे नव्हे. डिसेंबर-जानेवारी हा काळ उत्तम. हवा कोरडी असते, आणि उत्तरेकडून आलेले लक्षावधी पक्षी चिलिकात उतरलेले असतात. मात्र मकरसंक्रांतीला काळीजाईच्या बेटावर मोठी जत्रा भरते. त्या दिवशी तिळगूळ सरोवरात वाटण्याची कल्पना कितीही गोड वाटली, तरी होड्या आणि खोल्या दोन्ही मिळणे कठीण होते. संक्रांतीच्या आधीचा किंवा नंतरचा आठवडा धरावा.

आता प्रत्यक्ष जागा पाहू. चिलिकाचे क्षेत्रफळ ऋतूप्रमाणे सुमारे नऊशे ते अकराशे चौरस किलोमीटर असते. इतक्या मोठ्या सरोवराचा काठ सर्वत्र सारखा कसा असेल? उत्तरेस महानदीच्या शाखांचे गोडे पाणी येते. धौलीच्या पायथ्याशी अशोकाच्या युद्धाची आठवण सांगणारी दया नदीही येथेच येऊन मिळते. या बाजूला मंगलाजोडी आहे. एकेकाळी पक्ष्यांची शिकार करणारे गावकरीच तेथे आता पक्ष्यांचे रक्षक आणि वाटाडे झाले आहेत. बांबूने रेटायच्या होड्यांतून पक्षी अगदी जवळून दिसतात. राहण्याच्या सोयी साध्या आहेत. पक्षिप्रेमी तरुणांना त्या पुरेत, साऱ्या मंडळाला पुरणार नाहीत.

पूर्वेस सातपडा. पुरीहून हे अंतर सुमारे पन्नास किलोमीटर. सरोवराला समुद्राशी जोडणारा प्रवाह याच बाजूला असल्याने इरावती डॉल्फिन पाहण्यासाठी लोक येथे येतात. नावाड्याला डॉल्फिनच्या मागे होडी पळविण्याचा आग्रह करू नये. इंजिन बंद करून स्वस्थ बसावे. दिसला तर आनंद, न दिसला तर पाणी तर आहेच.

पश्चिमेस बारकूल आणि दक्षिणेकडे रंभा. या दोन्ही ठिकाणी राज्य पर्यटन महामंडळाची पंथनिवासे आहेत. महामार्ग आणि हावडा-चेन्नई लोहमार्ग या काठाने जातात. बारकूलला बालुगावचे रेल्वे स्थानक जवळ पडते. रंभा अधिक शांत आणि डोंगरांच्या कुशीत आहे, पण भुवनेश्वरहून अंतर वाढते. गोपाळपूरचा समुद्र सुंदर, तरी तो अंघोळीसाठी भरवशाचा नव्हे. पुरीलाही नोलिया जीवरक्षक सोबत असल्याखेरीज पाण्यात उतरू नये. लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते, आणि पोहता येणाऱ्यालाही ती फसविते.

तंबू की पक्के छप्पर, हा वादही होणारच. कोणार्कजवळ रामचंडीच्या किनाऱ्यावर २०१९ पासून हिवाळ्यात तंबूंची छावणी उभारली गेली, तेव्हापासून आपल्या तरुणांच्या मनात तंबू घर करून बसला आहे. तंबूला आमचा विरोध नाही. परंतु रात्री दोनदा उठावे लागणाऱ्या माणसाला संडास किती पावलांवर आहे, वाटेत दिवा आहे का, पायऱ्या किती, हे प्रश्न ताऱ्यांनी भरलेल्या आकाशाहून महत्त्वाचे असतात. जागा नक्की करण्यापूर्वी कार्यकारिणीतील दोघांनी स्वतः जाऊन ती पाहावी. छायाचित्रांत पाणी दिसते, डास दिसत नाहीत. तळमजल्यावरच्या खोल्या किती, मच्छरदाण्या आहेत का, वीज गेल्यास काय, शाकाहारी स्वयंपाक वेगळा होईल का, सर्वांत जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे, आणि वादळाची सूचना आल्यास आगाऊ रक्कम परत मिळेल का, ही सर्व उत्तरे लेखी घ्यावीत. सरकारी नोकरीत आयुष्य गेल्यामुळे तोंडी आश्वासनावर आमचा विश्वास थोडा कमी आहे, असे कोणी म्हणेल. म्हणू द्यावे.

होडीत बसताना प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट असलेच पाहिजे. चिलिकाचे पाणी बहुतांशी उथळ आहे, पण उथळ म्हणजे निर्धोक नव्हे. काळीजाईची लोककथा वादळात बुडालेल्या नववधूचीच आहे. इथल्या लोकांनी ती उगीच जपलेली नाही.

आणखी एक गोष्ट. हे सरोवर एकदा मरणाच्या दारातून परतले आहे. १९८१ मध्ये ते रामसर यादीत आले. पुढे मुख गाळाने भरले, पाणवनस्पती माजल्या, मासळी घटली, आणि १९९३ मध्ये त्याची गणना संकटग्रस्त पाणथळींत झाली. सप्टेंबर २००० मध्ये समुद्राकडे नवे मुख खोदण्यात आले, खारे पाणी पुन्हा आत आले, आणि २००२ मध्ये ते त्या यादीतून बाहेर पडले. हजारो कोळी कुटुंबांची चूल या पाण्यावर पेटते. आपण तेथे पाहुणे आहोत. प्लास्टिकच्या पिशव्या जशा नेल्या तशा परत आणाव्यात.

परतीच्या वाटेवर पुरी घ्यावी. नागपूरकर भोसल्यांचा अंमल येथे १७५१ ते १८०३ पर्यंत होता. सिंहद्वारासमोरचा अरुणस्तंभ त्याच काळात कोणार्कहून आणून उभा केला गेला. नातवंडांना तो आजोबांनी दाखवावा, आणि मराठीत दाखवावा.

तेव्हा आमची सूचना अशी : जानेवारीचा दुसरा पंधरवडा, बारकूल येथे दोन रात्री, ज्येष्ठांना तळमजल्याच्या खोल्या. तरुणांनी एक पहाट मंगलाजोडीला घालवावी आणि संध्याकाळी परत यावे. रात्रीचे जेवण एका पंगतीत व्हावे. शहरातल्या घरी ज्या नातवंडाला मराठी जेमतेम अर्धा तास ऐकू येते, त्याला ती दोन रात्री आजीच्या शेजारच्या खाटेवरून ऐकू येईल. कार्यकारिणीने या महिन्याअखेर जागा पाहून यावी आणि संस्थापक सभासदांची नावे यादीत सर्वांत आधी लिहावीत, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.