‘सांभाळून जा’ एवढ्यानं भागत नाही
(राजूर येथे बचत गटांच्या बैठकीत केलेलं मार्गदर्शन)



बचत, हप्ते, परतफेड यावर आपण दर महिन्याला बोलतो. आज पाच मिनिटं लेकरांसाठी द्या.

आपलं राजूर कोळशाचं आणि चुन्याचं गाव. ट्रक ज्या रस्त्यानं जातात, त्याच रस्त्यानं आपली लेकरं शाळेत जातात. आपण दारातून सांगतो, “सांभाळून जा.” पण सात-आठ वर्षांच्या लेकराला येणाऱ्या गाडीच्या वेगाचा नीट अंदाज येत नाही. गाडी लांब दिसते, म्हणून ते पळत सुटतं. ताशी ६० किलोमीटरनं येणारी गाडी एका सेकंदात १६ मीटरपेक्षा जास्त पुढं येते. आणि ट्रकच्या अगदी समोर किंवा डाव्या बाजूला खेटून उभं असलेलं लहान लेकरू उंचावर बसलेल्या ड्रायव्हरला दिसत नाही.

म्हणून तीन कामं करू.

पहिलं, घरी. लेकराचा हात धरून त्याला खऱ्या रस्त्यावर शिकवा. फुटपाथ नसेल तिथं उजव्या कडेनं चालायचं, म्हणजे समोरची गाडी दिसते. थांबायचं, उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे पाहायचं. उभ्या ट्रकच्या आडून कधीच निघायचं नाही. हे एकदा सांगून होत नाही, रोज करावं लागतं.

दुसरं, गटात. एका गल्लीतली लेकरं एकत्र न्यायची, पुढं एक ताई, मागं एक ताई. मजुरीला जाणाऱ्या तायांची अडचण मला माहीत आहे. त्यांच्या घरची आजी चालेल, किंवा त्यांनी सुट्टीच्या दिवशी दुसरं काम घ्यावं.

तिसरं, ग्रामपंचायतीत. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, तो आपला हक्क आहे. तिथं ठराव मांडा: शाळेजवळ गतिरोधक, फलक, आणि शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी ट्रक थांबवावेत. नुसतं “रस्ता धोक्याचा आहे” असं लिहू नका. कोणती जागा, किती वाजता, किती लेकरं, हे मोजून लिहा. ठरावाची प्रत सार्वजनिक बांधकाम विभागाला द्या आणि पोच घ्या.

आणि अपघात झालाच, तर आधी १०८ ला फोन. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून २०१९ पासून कायद्यात संरक्षण आहे. घाबरून मागं राहू नका.

आता उठायच्या आधी प्रत्येक गटानं आपला वार आणि दोन तायांची नावं रजिस्टरमध्ये लिहून द्या. सोमवार कोण घेतं?